सिगारबॉक्स गिटार: पेटी उभी लावू की आडवी?

खटाटोप्या

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे वाचनमात्र होतो, आता पहिला धागा काढतोय, सांभाळून घ्या.

एक रिकामी सिगारची पेटी हाताला लागली आहे. लांबी ९ इंच, रुंदी साडेसहा, खोली २. झाकण लाकडाचं, तीन मिलिमीटर जाड. तळ प्लायचा, बारीक चुकांनी ठोकलेला. झाकणावर शिडाच्या जहाजाचं चित्र आहे, आणि खरं सांगायचं तर त्या चित्रापायीच पेटी टाकवली नाही. तीन तारांची गिटार करायची आहे, जी-डी-जी या स्वरांत लावायची. पाऊण इंच जाड, दीड इंच रुंद दांडा पेटीतून आरपार जाईल. स्केल, म्हणजे तारेचा वाजणारा भाग, २५ इंच.

दांडा रंधून तयार आहे, खुंट्या आल्यात, घोडीसुद्धा घासून झाली. आणि गेले आठ दिवस मी करवत हातात घेऊन नुसता बसलोय, कारण पहिली खाच पेटीच्या कुठल्या बाजूला मारायची तेच ठरत नाही. उभी लावली तर वाजवताना जहाज सरळ दिसतं, पण भिंतीवर टांगली की कलंडतं. आडवी लावली की बरोबर उलट. घोडी शेपटीपासून, म्हणजे पेटीच्या खुंट्यांपासून लांबच्या कडेपासून, अडीच इंचांवर बसवेन म्हणतो. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कानसेन

आडवीच लाव. डोळे मिटून.

रंधामारू

कानसेन, तुझी आडवी कुठली? मागच्या वेळी अशाच एका धाग्यावर दोघं तिघं चार दिवस भांडले आणि शेवटी कळलं की सगळे एकच सांगत होते. एक जण गिटार मांडीवर धरून उभं-आडवं ठरवत होता, दुसरा भिंतीवर टांगून.

या धाग्यापुरतं ठरवू या: पेटीची लांबी दांड्याच्या दिशेने असेल तर "दांड्यासोबत". लांबी दांड्याला काटकोनात असेल तर "आडवी". "उभी" हा शब्द इथून पुढे बंद.

कानसेन

मग मीही आडवीच म्हणतोय. साडेसहा इंच दांड्यासोबत, नऊ इंच आडवे.

खटाटोप्या

ठीक. म्हणजे प्रश्न असा: दांड्यासोबत की आडवी?

तीनतारी

मी बनवणारी नाही, वाजवणारी आहे. माझ्याकडे दोन्ही प्रकारच्या आहेत, एक दांड्यासोबत, एक आडवी. फरक सगळ्यात आधी मांडीला कळतो.

दांड्यासोबत लावली की मांडीवर टेकायला नऊ इंचांची कड मिळते. घट्ट बसते, सरकत नाही. पण पेटीची उंची साडेसहाच, म्हणजे तारा मांडीपासून जेमतेम सव्वातीन इंचांवर. उजवं मनगट मांडीला घासतं आणि तासाभरात पाठीचं धनुष्य होतं. आडवी लावलीत तर तारा साडेचार इंचांवर जातात, कोपर पेटीच्या वरच्या कडेवर छान विसावतं. पण मग टेकायला कड साडेसहाची. जरा हललं की पेटी घसरते, आणि पेटी हलकी असल्यामुळे मान खाली जायला बघते. डावा हात स्वर धरायच्या ऐवजी दांडाच उचलून धरत बसतो.

पट्टा लावणार असाल तर यातलं निम्मं विसरा. पट्ट्याची एक गुंडी शेपटीला आणि दुसरी पेटीच्या खांद्याला न लावता खुंट्यांच्या बाजूला बांधलीत तर मान तोलून राहते.

चिकटपट्टीने दांडा पेटीवर बांधा, आधी एका दिशेने, मग दुसऱ्या, आणि दोन्ही वेळा दहा-दहा मिनिटं मांडीवर घेऊन बसा. तारा नसल्या तरी चालेल. घरातले हसतील, हसू द्या.

रंधामारू

+१, चिकटपट्टीचा सल्ला सोन्यासारखा. त्यात थोडी आकडेमोड घालतो.

घोडी ते नट (खुंट्यांकडची पट्टी, जिच्यावर तारा टेकतात) २५ इंच, हे पेटी कशीही फिरवलीत तरी बदलत नाही. बदलतं ते पेटी दांड्याला कुठे भेटते ते. दांड्यासोबत लावून घोडी शेपटीच्या कडेपासून अडीच इंचांवर ठेवलीत तर पेटीची पुढची कड नटपासून साडेअठरा इंचांवर येते. २५ च्या स्केलवर तेविसावा पडदा १८.४ इंचांवर पडतो, म्हणजे सगळे पडदे मोकळे. आडवी लावून घोडी दोन इंचांवर ठेवलीत तर कड साडेवीस इंचांवर. मोकळ्या दांड्याची लांबी दोन इंचांनी वाढली आणि पदरात काहीच पडलं नाही, कारण तिथे वर जाऊन सिगारबॉक्सवर कोण वाजवतं? ते दोन इंच फक्त मान जड करतात. तीनतारींनी जे सांगितलं त्याचं कारण हेच.

आता माझा खरा मुद्दा. झाकणाच्या लाकडाची रेषा, म्हणजे तंतू, कुठल्या दिशेने आहे? घन लाकडाच्या झाकणात ती बहुतेक वेळा लांबीच्या दिशेने असते. लाकूड रेषेच्या दिशेने जेवढं ताठ असतं तेवढं आडवं नसतं, फरक दहापट किंवा त्याहून जास्त. गिटारच्या वरच्या फळीत रेषा तारांना समांतर ठेवतात ती याचसाठी. तुम्ही पेटी आडवी केलीत की रेषा तारांना काटकोनात जाते आणि घोडी बरोब्बर रेषेवर लांबलचक बसते. मग तिचा सगळा दाब एकाच रेषेवर. तीन मिलिमीटरचं झाकण वर्षभरात तिथे खचतं, नाहीतर रेषेवरच चिरतं.

दाब किती, तर जी-डी-जी लावलेल्या तीन तारांचा ताण मिळून साधारण २२-२३ किलो. तो ताण आरपार दांडा घेतो, पेटीला त्याचं सोयरसुतक नाही. पण घोडीमागे तारा दहा अंशांनी खाली वळल्या तर घोडी झाकणावर जवळपास चार किलोंनी दाबते. म्हणजे चार किलोंचं वजन कायम त्या झाकणावर ठेवल्यासारखं.

झाकण प्लायचं असतं तर हे सगळं सोडून द्या म्हणालो असतो.

कानसेन

माझी आडवी आहे, चार वर्षं झाली, कुठे खचली नाही.

रंधामारू

तुझं झाकण प्लायचं आहे. मी बघितलंय.

कानसेन

...हो.

जुनाखुंट

सितारीची तबली लावणाऱ्यांच्या हाताखाली काही वर्षं काढली, त्या अनुभवावर दोन शब्द.

तुम्ही सगळे दिशेचं बोलताय, पण आधी बाजू ठरवा. तबली, म्हणजे तारांखालची वाजणारी फळी, कोण होणार, झाकण की तळ? पेटी कानाशी धरा आणि बोटाच्या पेराने टकटक करत सगळीकडे फिरा, झाकणावरही आणि तळावरही. जिथे आवाज थोडा रेंगाळतो ती बाजू वर. जिथे "थप" होऊन मरतो ती मागे. झाकण बिजागरीवर लटकत असतं, तीन कडांना नुसतं टेकलेलं. तळ चारी कडांना बांधलेला. त्यामुळे पुष्कळदा तळच बरा वाजतो, आणि लोक चित्राच्या मोहात झाकण वर ठेवतात.

तळ वर केलात तर आणखी एक सोय. झाकण मागे जातं आणि तारा न उतरवता उघडता येतं. आत पिएझो (कंपन टिपून आवाज वायरीतून बाहेर नेणारी चकती) लावणार असाल, एखादी वायर सुटली तर हायसं वाटेल.

अवांतर: या पेट्यांचं बरेचदा जे लाकूड असतं त्याला स्पॅनिश सीडार म्हणतात. ते ना स्पेनचं ना सीडार. महोगनीच्या कुळातलं झाड आहे, अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं. सितारीला जे तून लाकूड वापरतात तेही त्याच कुळातलं. त्यामुळे तुमची पेटी आमच्या सितारीची लांबची मावसबहीण समजा.

नवशिकी

काका, मावसबहीण आवडली :)

माझा बाळबोध प्रश्न: आवाज घुमतो तो आतल्या हवेमुळे ना? मग पेटी कशी का फिरवा, आतली हवा तेवढीच राहते. एवढा खल कशासाठी?

रंधामारू

प्रश्न बाळबोध अजिबात नाही, उलट निम्मं उत्तर त्यातच आहे. हवेचा स्वर पेटीच्या आतलं घनफळ आणि भोकाचा आकार यांवर ठरतो, दिशेवर नाही. खटाटोप्यांच्या पेटीत जेमतेम पावणेदोन लिटर हवा मावेल. एक इंच व्यासाचं एक भोक पाडलं तर ढोबळ हिशेबाने तो स्वर १८० ते २०० हर्ट्झमध्ये कुठेतरी येईल. वरच्या तारेचा जी १९६ चा. पेटी फिरवून यात काडीचा फरक पडत नाही.

फरक पडतो तो घोडी फळीच्या कुठल्या जागी येते त्याने. घोडी कडेला गेली की फळी हलत नाही. आवाज बारीक, टिनपाट होतो. मधाच्या, म्हणजे फळीच्या मध्याच्या, जवळ आली की भरतो. दांड्यासोबत लावली तर मध शेपटीपासून साडेचार इंचांवर, आडवी लावली तर सव्वातीनवर. म्हणजे तीच अडीच इंचांवरची घोडी आडव्या पेटीत जवळपास मधावर येते आणि दांड्यासोबतच्या पेटीत कडेकडे राहते. आडवीवाल्यांचा आवाज मोठा निघतो म्हणतात तो बहुधा याच कारणाने. त्यांना वाटतं पेटी फिरवल्याने झालं.

कानसेन

हे मात्र मी कधी लक्षात घेतलं नव्हतं. माझी घोडी बरोब्बर मधावर आहे.

खटाटोप्या

टकटक केली. झाकण: टण्ण. तळ: थप. (तळाला आतून जाड कागद चिकटवलेला आहे, बहुतेक म्हणून.) तेव्हा जुनाखुंट काका, माझ्या बाबतीत झाकणच वर. चित्राचा मोह नाही, शप्पथ!

झाकणाची रेषा लांबीच्याच दिशेने आहे. चित्राच्या कागदाखाली दिसत नव्हती, आतून बघितली.

तीनतारी

झाकण वर ठेवताय तर बिजागरी आणि कडीचं काय करताय ते सांगा. यावर कुणी बोलत नाही आणि तिथेच घोळ होतो.

माझ्या दांड्यासोबतच्या गिटारची गोष्ट. बिजागरी वरच्या बाजूला, पितळी कडी खाली मांडीकडे. घेतल्यावर तिसऱ्या दिवशी मधली तार मोकळी छेडली की पेटीत मधमाशी अडकल्यासारखी गुणगुणायला लागली. फक्त डी. बाकी सगळं स्वच्छ. मी तार बदलली. नटची खाच घासून पाहिली. पडदा उचलला गेलाय म्हणून तो ठोकून बसवला. घोडीखाली कागद घातला. तीन संध्याकाळी गेल्या. शेवटी वाजवता वाजवता मांडी जरा सरकली, कडी मांडीखाली दाबली गेली आणि मधमाशी गप्प! कडीचं ते छोटं कडं असतं ना, बोटाच्या नखाएवढं, ते डीच्या कंपनाला थरथरत होतं. एक थेंब गोंद, संपलं.

आणि त्या कडीचा वळ मांडीवर उठायचा तो वेगळाच.

रंधामारू

कडीवरून आठवलं, आडवी लावणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही: पेटीच्या पुढच्या लांब बाजूला मधोमध कडी असते, आणि आडवी लावलीत की दांडा बरोब्बर तिथूनच बाहेर पडतो. म्हणजे कडी काढावीच लागते. मागच्या लांब बाजूला दोन बिजागऱ्या असतात, त्यांच्यामधून दांडा जातो, पण बिजागरी सलग पट्टीची असेल तर ती कापावी लागते आणि झाकण पुन्हा कधी नीट बसत नाही. दांड्यासोबत लावलीत तर दांडा आखूड बाजूंमधून जातो, तिथे काहीच नसतं. करवत सरळ चालते.

नवशिकी

आणखी एक बाळबोध: दांडा झाकणाला खालून चिकटवून टाकायचा का? म्हणजे मजबूत होईल?

जुनाखुंट

अगं बाई, मुळीच नको! तबलीला हात लावून कुणी वाजवतं का? दांडा झाकणाखालून जातो तिथे तो तीन ते सहा मिलिमीटर खाली तासायचा. घोडीखालून तर हवाच दिसली पाहिजे. एक कागदाची पट्टी दांडा आणि झाकण यांच्यामधून सरकवून बघायची, कुठेही अडकता कामा नये. दांडा फक्त दोन्ही टोकांच्या खाचांत घट्ट.

कानसेन

अवांतर: एडविन फोर्ब्ज यांचं १८७६ चं एक कोरीव चित्र आहे, अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या छावणीचं. त्यात एक सैनिक सिगारच्या पेटीचं फिडल वाजवताना दाखवलाय. छावणीत बसून त्याने रेषा, मध, दहा अंश यातलं काही पाहिलं असेल असं वाटत नाही. पेटी मिळाली, काठी मिळाली, झालं.

रंधामारू

त्याचं किती वर्षं टिकलं ते चित्रात नसतं.

खटाटोप्या

आज तीन तास घालवले. सविस्तर लिहितो.

चिकटपट्टीने दांडा बांधून दोन्ही तऱ्हेने बसलो. तीनतारी म्हणतात ते शंभर टक्के खरं. आडवी हाताला जास्त सुखाची. पण तीनदा घसरली, तिसऱ्यांदा तर दांडा टेबलावर आपटला. (घरातले हसले.) दांड्यासोबतची ठेंगणी वाटली. मग उजव्या पायाखाली वीतभर उंच पाट ठेवला, तेव्हा मनगट सुटलं.

मग शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसला नादकाटा शेजारच्या मुलाकडून आणला, ४४० चा. तो रबरावर आपटायचा आणि दांडी झाकणावर टेकवायची. शेपटीकडून सुरुवात करून अर्ध्या-अर्ध्या इंचावर पेन्सिलने खुणा केल्या होत्या. पहिल्या इंचावर नादकाट्याचा आवाज जवळजवळ नाहीच. दोनवर जरा. अडीचवर, म्हणजे मी घोडी बसवणार होतो तिथे, ठीकठाक. साडेतीनवर दांडी टेकवली आणि पोरगा पलीकडच्या खोलीतून "काका, एवढा मोठा कसा झाला?" म्हणून धावत आला. चारवर तेवढाच. साडेचारवर किंचित कमी वाटला, पण तोवर काट्याचा जोर गेला होता, त्यामुळे पुन्हा पुन्हा आपटून पाहिलं. साडेतीन ते चार हीच जागा.

म्हणजे घोडी साडेतीनवर. पेटीची पुढची कड नटपासून साडेएकोणीस इंचांवर येईल. मान एक इंच लांबली, चालेल.

दांड्यासोबतच लावतोय.

रंधामारू

शाब्बास. घोडी अजून फळीला चिकटवू नका. तारा लावून बाराव्या पडद्याचा स्वर मोकळ्या तारेच्या वरच्या सप्तकातल्या स्वराशी जुळतो का ते ऐकून मग जागा पक्की करा. एक-दोन मिलिमीटर मागे सरकवावीच लागते, जाड तारेकडे थोडी जास्त.

भोकं मधोमध पाडू नका, खाली दांडाच दिसेल. वरच्या दोन कोपऱ्यांत एक एक पाडा. दोन भोकांनी हवेचा स्वर वर चढतो, तेव्हा आधी एकच पाडून ऐका. पाडलेलं भोक बुजवता येत नाही.

तीनतारी

आणि कडी?

खटाटोप्या

कडी काढली. झाकण दोन छोट्या स्क्रूंनी बसवणार, कडेला फेल्टची पट्टी. फेव्हिकॉल नाही, कधी उघडायची वेळ आली तर.

राहिला प्रश्न बिजागरी वर की खाली. बिजागरी वर ठेवली तर समोरच्याला जहाज सरळ दिसतं. खाली ठेवली तर जहाज उलटं, पण वाजवताना मी वरून वाकून बघतो तेव्हा मला सरळ दिसतं. पाऊण तास विचार केला.

बिजागरी खाली.

कानसेन

म्हणजे ऐकणाऱ्यांना जहाज बुडालेलं दिसणार.

खटाटोप्या

बुडू दे. ऐकायला अजून कोण आहे, तो नादकाटेवाला पोरगाच ना.

पहिली खाच मारली. गुण्या लावून रेघ मारली, बारीक दाताच्या करवतीने दोन्ही बाजूंनी उभे काप घेतले, मधला तुकडा पटाशीने उडवला. दांडा घालून पाहिला तर केसभर घट्ट आहे. कानशीने दोन हात मारले की बसेल. दुसऱ्या बाजूची खाच उद्या, आज हात थरथरतोय.

जुनाखुंट

केसभर घट्ट राहू द्या. कानस नको, पॉलिशपेपर घ्या.